काळ्या तुकड्यांचं काय करायचं?

मेरी क्युरींच्या व्यक्तिचित्राच्या १००० तुकड्यांच्या कोड्यात चेहरा जुळला, पण काळा झगा आणि गडद पार्श्वभूमी अडली आहे, असा प्रश्न आलाय. इथे रंगावर विसंबणं सोडा आणि आकारावर या.

उरलेले तुकडे खुंट्या-खाचांप्रमाणे वेगळे करा: चार खुंट्या, तीन खुंट्या-एक खाच, समोरासमोर दोन खुंट्या, शेजारी-शेजारी दोन, वगैरे. मग एकच रिकामी जागा धरून त्या गटातला एकेक तुकडा लावून पाहायचा. कंटाळवाणं आहे, पण हमखास चालतं. दिवा बाजूने, तिरका धरा. झग्याच्या चुण्या आणि पार्श्वभूमीतला फरक तेव्हाच दिसतो.

गडद भागात खोटी जुळणी फार होते. जोडलेले दोन तुकडे उचलून उजेडासमोर धरा. फटीतून प्रकाश आला तर जोडी चुकीची. चौकटच बसत नसेल तर कडेचे तुकडे मोजा. ४० × २५ किंवा ३८ × २७ अशी मांडणी असेल तर कोपरे धरून ते १२६ भरतात (दुसऱ्या मांडणीत एकूण तुकडे १०२६ असतात, छपाईची चूक नव्हे). समोरासमोरच्या बाजूंची संख्या सारखी हवी.

चित्रातल्या रेडियमच्या बाटलीतली हिरवी चमक आधी उरकून घ्या, छटा बदलत जाते म्हणून सोपी. खरं तर रेडियमच्या क्षारांची चमक निळसर असते. हिरवी असायची ती रेडियममध्ये झिंक सल्फाइड मिसळून केलेल्या रंगाची. पण चित्रकाराला कोण सांगणार!