मदत हवी आहे: गेस्ट वायफायवर आयपी पत्ता मिळत नाही, टॅगिंग कुठे अडतंय?

घरी आठ पोर्टचा मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) नेटवर्क स्विच आहे. त्यावर तीन व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्क: व्हीलॅन १० घरचा, २० पाहुण्यांचा, ३० कॅमेऱ्यांचा. पोर्ट १ राउटरकडे जातो, तिथे तिन्ही टॅग्ड (फ्रेमवर, म्हणजे डेटाच्या पाकिटावर, व्हीलॅनचा क्रमांक लावलेला; अनटॅग्ड म्हणजे क्रमांकाविना). पोर्ट ५ वर कॅमेरा: ३० अनटॅग्ड, पीव्हीआयडीही (बिनटॅगची फ्रेम आत आली की तिला मिळणारा व्हीलॅन) ३०. (पीव्हीआयडी १ राहिला की कॅमेऱ्याकडून येणारी फ्रेम व्हीलॅन १ मध्ये जाते, हे माहीत आहे.) पोर्ट ८ वर ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारं उपकरण): १० अनटॅग्ड, पीव्हीआयडी १०, २० टॅग्ड.

घरचं वायफाय आणि कॅमेरा व्यवस्थित. गेस्ट वायफायवर लॅपटॉपला मात्र १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळतो, म्हणजे राउटरकडून काही न आल्यावर लॅपटॉप स्वतःच घेतो तो. पोर्ट ४ तात्पुरता २० अनटॅग्ड, पीव्हीआयडी २० करून तोच लॅपटॉप केबलने जोडला, तर राउटरकडून पत्ता लगेच येतो. म्हणजे राउटर आणि पोर्ट १ मध्ये दोष नाही. स्विचच्या मॅक टेबलमध्ये (कोणतं उपकरण कोणत्या पोर्टवर, कोणत्या व्हीलॅनमध्ये, याची यादी) गेस्ट लॅपटॉप पोर्ट ८ वर दिसतो, पण व्हीलॅन १० मध्ये! ॲक्सेस पॉइंटमध्ये गेस्ट एसएसआयडीला (वायफायच्या नावाला) व्हीलॅन २० दिलेला असूनही फ्रेम बिनटॅगची येतेय, असाच अर्थ ना? की ॲक्सेस पॉइंटमध्ये व्हीलॅनचं वेगळं मुख्य सेटिंग चालू करावं लागतं?

आणखी एक: स्विचचं सेटिंग पान व्हीलॅन १ वर आहे. ते १० वर हलवताना बाहेर अडकू नये म्हणून पोर्ट ७ व्हीलॅन १ मध्येच ठेवला, तर पुरेल का?