रेगेन्सबुर्ग (जर्मनी) शनिवार – फॅमिली ग्रुप

वहिनी: रेगेन्सबुर्गच्या त्या जुन्या टाउनहॉलमध्ये खाली कैद्यांना छळायची खोली आहे हे मला कुणी सांगितलंच नाही!! चिऊ आठ वर्षांची आहे, रात्री आधीच दचकून उठते

अण्णाकाका: अगं मुख्य बघायचंय ते वरचं दालन. 1360 च्या आसपासचं, मधे एक खांब नाही. 1663 ते 1806 पवित्र रोमन साम्राज्याची, म्हणजे तेव्हाच्या जर्मन राज्यांची, सभा इथेच भरायची. सम्राट सगळ्यात वर, इलेक्टर म्हणजे सम्राट निवडणारे राजे त्याच्याखाली, बाकीचे अजून खाली, पायरीपायरीने मान. आणि गाइडसोबतच आत सोडतात, उशीर करू नका

बंटी (पुणे): म्हणजे ताईच्या लग्नातली पंगत 😂

आत्या: तो विषय आता नको. माझ्या मानपानाचं काय झालं सगळ्यांना माहितीये

दादा: ट्रेनच्या बायर्न ग्रुप तिकिटावर पाचच जण चालतात, आपण मोठे सहा. एकाचं वेगळं काढावं लागेल

आत्या: माझंच वेगळं असणार, नेहमीप्रमाणे

वहिनी: आत्या प्लीज तसं काही नाहीये. चिऊचं काय करायचं ते बोला ना कुणीतरी

अण्णाकाका: खालची खोलीही बघायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. वर राजेलोकांचे दूत कोण कुठे बसणार यावर भांडायचे आणि त्याच इमारतीत खाली शिडीवर माणूस ताणून कबुली काढायचे, कारण कायद्याने कबुली नाहीतर दोन साक्षीदार लागायचे. तो कायदाही 1532 साली ह्याच गावातल्या सभेत मंजूर झालेला. नुसतं झुंबर बघून परत यायचं म्हणजे अर्धाच इतिहास

बंटी (पुणे): अण्णा, खाली वायफाय आहे का

अण्णाकाका: गाइडसोबतच आत सोडतात. वेळ पाळा

वहिनी: अण्णा तुमचं पटतंय पण आठ वर्षांच्या पोरीला नाही. वरचं दालन झालं की मी तिला घेऊन दगडी पुलावर जाते, तुम्ही खाली जाऊन या

अण्णाकाका: चालेल. पण दारापाशी भिंतीत लोखंडी पट्ट्या बसवल्यात त्या तिला नक्की दाखव. गावची मापं आहेत, फूट, हात आणि वाव. कापडवाल्याने कमी मोजलं तर लोक तिथे येऊन ताडून बघू शकायचे. हात लावून बघू दे तिला

वहिनी: हे मस्त आहे, हे तिला आवडेल 🙏

आत्या: जिने किती आहेत ते कुणी सांगितलं नाही. माझे गुडघे

दादा: आत्या सावकाश चढू, मी आहे. म्युनिकहून दीड तास लागतो, सकाळी लवकर निघू. तिकिटं काढू का?

आत्या: माझं मी काढते

अण्णाकाका: गाइडसोबतच आत सोडतात