नर्मदा: चाकांवरून आणि वल्ह्यांनी – तुमचे अनुभव सांगा

पायी परिक्रमेवर मराठीत ढिगाने लिहून झालंय. अमरकंटकपासून खंभातच्या आखातापर्यंत ही १३१२ किलोमीटरची नदी गाडीने, सायकलने, बाईकने किंवा कयाकमधून (वल्ह्याच्या छोट्या होडीतून) कुणी पाहिलीय का? थोडा तुकडा पाहिला असला तरी चालेल.

गाडीवाली सून
सासूबाईंना घेऊन ओंकारेश्वरहून निघालो. नदी उजव्या हाताला ठेवायची, हा परिक्रमेचा नियम गाडीलाही लागू. खरं सांगू? गाडीतून मैया कमी आणि ढाबे जास्त दिसले. नदीच्या मुखाजवळच्या विमलेश्वरला मात्र मजा आली. पलीकडच्या काठावरच्या मिठी तलाईला नेणारी नाव भरतीच्या वेळेवर सुटते, त्यामुळे अपरात्री उठवलं. आम्ही नावेत आणि ड्रायव्हर गाडी घेऊन भरूचच्या पुलावरून.

दोन चाकं
डिंडोरी ते अमरकंटक सायकलने. शेवटच्या चढाला ढकलत नेली, लाज कसली! एका आश्रमात “कितने मूर्ती?” (म्हणजे किती माणसं) एवढंच विचारून पीठ-डाळ हातात ठेवली. सायकलवाला म्हणून भेदभाव नाही.

उलटापालटा
महेश्वरजवळ सहस्रधारेला बेसाल्टच्या खडकांतून नदीच्या असंख्य धारा फुटतात. २०२३च्या खेलो इंडिया क्रीडा स्पर्धांत कयाक स्लॅलम इथेच झालं. वर टांगलेल्या दांड्यांच्या जोड्यांमधून कयाक काढायची. हिरव्या प्रवाहाबरोबर, लाल प्रवाहाविरुद्ध. लाल दांड्यांशी माझी आजही दुश्मनी आहे. खडकामागे पाणी उलटं फिरतं, त्या एडीत नाक घुसवून वळायचं. जोर लावून काही होत नाही, कंबर वाकवावी लागते. आणि पाणी किती मिळणार, ते वरचं ओंकारेश्वर धरण ठरवतं. सकाळी जिथे सराव केला, तिथे दुपारी नुसते दगड! घाटावरची पोरं पाण्याकडे बघूनच सांगायची, “आज रहने दो.”

खानदेशी बुलेट
महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदा फक्त सीमेवर येते, नंदुरबार जिल्ह्यात. धडगावचा घाट बाईकने जरूर करा, पण पेट्रोल भरून निघा. खाली सरदार सरोवराचा फुगवटा, दोन्ही बाजूंना सातपुडा-विंध्याचे डोंगर. फोटो झकास येतात. पण त्या पाण्याखाली मणिबेलीसारख्या गावांची घरं-शेतं गेलीत. वरच्या पाड्यांतल्या लोकांना होडी हौसेसाठी नाही, बाजार-दवाखान्यासाठी लागते. तिथे कयाक घेऊन जाणाऱ्यांनी आधी त्यांच्याशी बोलावं.

गाडीवाली सून
@उलटापालटा, पोहता येत नसेल तर?

उलटापालटा
आधी घाटाजवळच्या संथ पाण्यात, लाइफ जॅकेट घालून. सहस्रधारेचं नाव पोहायला शिकल्यावरच काढा.