सीए परीक्षेसाठी शिकलेले कामात किती उरते?

तेरीज
अंतिम परीक्षेसाठी केलेल्या अभ्यासाचा नोकरीत काडीचाही उपयोग होत नाही, टॅलीचे हिशेबी सॉफ्टवेअर आणि एक्सेल येत असले की निभावते, अशा आशयाचा लेख गेल्या आठवड्यात इथे आला. त्याखाली लागलेली सहमतीची रांग पाहून स्वतंत्र धागा काढल्यावाचून राहवले नाही.

लेखकाचा मुख्य पुरावा असा, की कंपन्यांत मुरलेल्या त्यांच्या मित्रांना एएस-१४ या लेखा मानकातील (हिशेबाच्या नियमावलीतील) विलीनीकरणाच्या दोन पद्धतींतला फरक सांगता आला नाही. नसेल आला! ज्याच्या कंपनीचे कधी विलीनीकरणच झाले नाही, त्याने तो का लक्षात ठेवावा? आणि तपशील लक्षात ठेवून तरी काय साधले असते? २०१३ मध्ये कंपनी कायदा बदलला, २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना इंड एएस ही नवी मानके लागू झाली, १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि व्हॅट व सेवाकराची पाठ केलेली कलमे रद्दीत गेली. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागाही १ एप्रिल २०२६ पासून नव्या कायद्याकडे जाते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की कलमे विसरली जातात, पण शंका कुठे घ्यायची ते विसरले जात नाही. नफा दरवर्षी वाढतो आहे आणि व्यवसायातून येणारी रोकड मात्र उणेच आहे, हे दिसताच ज्याचा हात थांबतो, त्याला रोकड प्रवाहाच्या मानकाचा, एएस-३ चा, परिच्छेद क्रमांक आठवावा लागत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारने वटहुकूम काढून कंपन्यांना २२ टक्के कराचा पर्याय दिला, तेव्हा आमच्याकडे पेढे वाटायचेच बाकी होते. ताळेबंदात मोठी डिफर्ड टॅक्स अ‍ॅसेट (पुढे वाचणाऱ्या कराची आज धरलेली किंमत) पडून आहे, दर उतरला की तिचे मूल्यही उतरेल, तो फरक नफ्यातूनच जाईल आणि साचलेल्या मॅट क्रेडिटवरही (किमान करापोटी जादा भरलेल्या, पुढे वळत्या करून घ्यायच्या रकमेवर) पाणी सोडावे लागेल, हे त्या बैठकीत एका सहकाऱ्याने सांगितले. डिफर्ड टॅक्सची उदाहरणे सोडवून त्याला वर्षे लोटली होती. मानक त्याने नंतर उघडून वाचले. पण कोणते उघडायचे, हे त्याला टॅलीने सांगितले नव्हते.

खतावणी
पूर्णपणे असहमत. ही जी शंकेची जागा तुम्ही म्हणता, ती आर्टिकलशिपमध्ये (सीए फर्ममधल्या सक्तीच्या उमेदवारीत) कळते आणि श्रेय मात्र परीक्षा घेऊन जाते. मी तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करतो. जीएसटीआर-२बी हे खरेदीवरील कराचे विवरण जुळवणे, बँकेसाठी सीएमए डेटा म्हणजे कर्जासाठीचे आकडे तयार करणे आणि ३सीडी हा करलेखापरीक्षणाचा फॉर्म भरणे यांत माझे वर्ष सरते. प्राप्तिकराचे ४३बी(एच) हे कलम लागू झाले आणि सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी १५ दिवसांत, किंवा लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत न दिल्यास त्या वर्षीची वजावट हुकणार असे कळले, तेव्हा आमच्या व्यापाऱ्यांचे फोन थांबत नव्हते. त्या वेळी माझा कोणता अभ्यास कामी आला? कलमच नवे होते. उलट कन्सॉलिडेशन (समूहातल्या कंपन्यांचे एकत्र हिशेब), डेरिव्हेटिव्ह्ज आणि ट्रान्स्फर प्रायसिंग (संबंधित कंपन्यांमधील व्यवहारांच्या किमती) यांनी माझ्या कार्यालयाचा उंबरठा आजवर ओलांडलेला नाही, आणि त्याच विषयांपायी मी परीक्षेत वारंवार आपटलो होतो. प्रत्येक विषयात ४० आणि गटात एकूण ५० टक्के या दोन आकड्यांसाठी माणसाची उमेदीची वर्षे खर्ची घालायची, आणि पुढे म्हणायचे काय, तर शंका घ्यायला शिकलो.

निळी_शाई
खतावणी, आर्टिकलशिपमध्ये कळते हे खरे, पण कोणाला? मी तीन वर्षे एसटीने हिंडून पतसंस्थांचे व्हाउचिंग (पावत्यांची तपासणी) केले, रात्री मुक्कामी पुस्तक उघडले की डोळे मिटायचे. माझ्याच बॅचचा एक मुलगा कागदोपत्री एका फर्ममध्ये आणि प्रत्यक्षात दिवसभर पुण्यातल्या क्लासमध्ये होता. तो पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाला आणि कॅम्पसमधून मोठ्या पगारावर गेला. डमी आर्टिकलशिप हा शब्द सर्वांना माहीत आहे आणि त्यावर बोलायची वेळ आली की सर्वांना खोकला येतो. २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीनवरून दोन वर्षांवर आणली, म्हणजे ज्या एका गोष्टीतून काही शिकायला मिळत होते तीच कापली.

खतावणी
ताई, विद्यार्थी काय फक्त पिळले जातात? मी ज्यांना हाताला धरून बँक ताळमेळ शिकवला, त्यांतले निम्मे परीक्षेच्या रजेवर गेले ते सप्टेंबरअखेर कामाचा डोंगर असताना उगवलेच नाहीत. क्लासवाल्यांनी ‘फर्ममध्ये जाऊ नका’ असा सल्ला द्यायचा आणि दोष आम्ही घ्यायचा, हे कुठले?

निळी_शाई
विद्यावेतन किती देत होतात, तेही लिहा. एवढ्यात मुलाने पेट्रोल भरायचे की क्लासची फी? आणि डमीच्या कागदांवर सही विद्यार्थी करत नाही, प्रिन्सिपल, म्हणजे फर्मचा सीए, करतो.

खतावणी
मी अशी एकही सही केलेली नाही. आरोप करायचा तर नेमका करावा. सगळ्या व्यवसायाला एका मापाने मोजणार असाल तर या उपधाग्यात मला रस नाही.

साखरपट्टा
तुमच्या भांडणात एका बी.कॉम. माणसाला बोलू द्याल काय? मी सहकारी साखर कारखान्यात मुख्य लेखापाल आहे. सीए मंडळी आम्हाला ‘अकाउंटंट’ म्हणतात तेव्हा आवाज आपोआप खाली येतो, ते असो.

३१ मार्चला हंगाम सरत आलेला असतो, गोदामे साखरेने भरलेली असतात आणि सगळा ताळेबंद साठ्याच्या मूल्यांकनावर उभा असतो. आमच्याकडे पूर्वापार पद्धत अशी, की एकूण खर्चाला पोत्यांनी भागायचे. मळी आणि बगॅस (उसाचा चोथा) या उपपदार्थांचे मूल्य त्यातून वजा करण्याचे कोणाच्या मनातही येत नसे. फेब्रुवारी २०१९ मध्ये साखरेची किमान विक्री किंमत किलोला ३१ रुपये झाली, बाजारभाव त्याच्याच आसपास रेंगाळत होता आणि आमचा असा काढलेला खर्च क्विंटलला ३,१०० रुपयांच्या वर होता. त्या वर्षी लेखापरीक्षकांबरोबर आलेला आर्टिकल मुलगा म्हणाला, की साठ्याच्या मूल्यांकनाच्या एएस-२ मानकाप्रमाणे उपपदार्थांचे मूल्य आधी वजा करा, आणि तरीही खर्च जास्तच राहिला तर साठा विक्रीतून निव्वळ मिळेल त्या रकमेवर आणा. कार्यकारी संचालकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मुलाचे बरोबर होते. आता गंमत अशी, की त्याचे साहेब आमच्या जुन्या पद्धतीवर वर्षानुवर्षे सही करत आले होते. परीक्षा दोघांनीही दिलेली. एकाची ताजी, एकाची शिळी. तेव्हा तेरीज, तुमची ती न विसरली जाणारी शंका साहेबांच्या बाबतीत कुठे गेली होती?

आणि नव्या योजनेत कॉस्टिंग (उत्पादनखर्चाचा हिशेब) अंतिम परीक्षेच्या लेखी पेपरांतून काढून ऑनलाइन मोड्यूलमध्ये ढकलले, याची कोणाला खंत नाही. कारखान्यात लागते तेवढे एकच, तेच बाहेर.

शारजाकर
साखरपट्टा यांचा किस्सा बोलका आहे, पण मला उलटा अनुभव आला. मी आलो तेव्हा इथे अमिरातीत (यूएई) करच नव्हता आणि सीएच्या करविषयक पेपरांची मीच चेष्टा करत असे. मग १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आला, पुढे जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना ३,७५,००० दिरहमवरील नफ्यावर ९ टक्के कंपनी कर लागला. भारतातले एकही कलम इथे चालत नाही. तरीही हिशेबी नफ्यापासून करपात्र नफ्यापर्यंत कसे जायचे, कोणता खर्च नफ्यात परत मिळवायचा, संबंधित पक्षांचे व्यवहार कुठे तपासायचे, याची वाट पायाखालची होती. ज्यांनी हा अभ्यास कधी केलाच नव्हता, ते सहकारी पहिले वर्षभर सल्लागारांना पैसे मोजत राहिले. खतावणी यांना ट्रान्स्फर प्रायसिंग लागत नाही, म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. त्यांच्या तालुक्यात लागत नाही, एवढेच.

अटेम्प्ट_चालू
दोन वर्षांची आर्टिकलशिप म्हणजे आम्ही अर्धे कच्चे, असा सूर ज्यांनी लावला आहे, त्यांनी आमचा अंतिम परीक्षेचा सहावा पेपर एकदा पाहावा. पुस्तक उघडून सोडवायचा आहे, अनेक विषय एकत्र करून प्रकरण दिलेले असते आणि पुस्तक जवळ असूनही पाने उलटण्यात वेळ संपतो. कुठे पाहायचे हे आधी माहीत असावे लागते. तेरीज जे म्हणतात ते इथे निदान तपासले तरी जाते. तुमच्या काळी पाठांतरच तपासले जात होते. आणि डमीबद्दल बोलायचे तर मी रोज फर्ममध्ये जातो, कृपया सरसकट बोलू नका.

तेरीज
साखरपट्टा, तुमच्या साहेबांचे उत्तर माझ्याकडे आहे, पण ते माझ्या मताला फारसे सोयीचे नाही. वापरात नसलेली शंका बोथट होते आणि दरवर्षी तोच ग्राहक, तीच फी, तीच सही असली की ती लवकर बोथट होते. प्रॅक्टिस करणाऱ्यांना तीन वर्षांत १२० सीपीई (सततच्या व्यावसायिक शिक्षणाचे) तास पूर्ण करावे लागतात ते यासाठीच. त्यांतले किती तास जेवणाच्या रांगेत जातात, हे इथल्या सर्वांना ठाऊक आहे. तरी तुमचा तो आर्टिकल मुलगा फर्मच्या कामातून एएस-२ शिकला नव्हता, कारण फर्म तर चुकीचेच करत होती. तो पुस्तकातून शिकला होता. खतावणी, यावर आपले मत वाचायला आवडेल.

खतावणी
मत असे आहे, की त्या मुलाचे अभिनंदन, आणि प्रॅक्टिसमध्ये दहा वर्षे काढल्यावर तोही साहेबांसारखीच सही करील. डिफर्ड टॅक्सचा किस्साही मान्य. अनेक वर्षांतून एकदा उपयोगी पडणाऱ्या ज्ञानाला मी निरुपयोगी म्हणणार नाही, भयंकर महाग म्हणेन. निळी शाईताईंना विद्यावेतनाचा आकडा व्यक्तिगत निरोपात कळवतो. तो इथे लिहिला तर हा धागा महिनाभर बंद होणार नाही, आणि मला ३० सप्टेंबरच्या आत उरलेले ३सीडी भरायचे आहेत.