ताकेउची मारिया : ‘प्लास्टिक लव्ह’च्या पलीकडे

काही जण म्हणतात की जपानी गायिका-गीतकार ताकेउची मारिया म्हणजे तिचं ‘प्लास्टिक लव्ह’ हे एकच गाणं, बाकी फारसं काही नाही. हे मला अजिबात पटत नाही. ते गाणं सुंदरच आहे. प्रेमात पोळलेली बाई प्रेमाचा नुसता खेळ मांडते, आणि पती यामाशिता तात्सुरोंचं संगीतसंयोजन त्याला नाचायला लावणारा ठेका देतं. मूळ अल्बम १९८४चा, जगभर पोचलं ते २०१७नंतर यूट्यूबमुळे.

पण ‘एकी’, म्हणजे ‘स्टेशन’, ऐकाच. संध्याकाळच्या गर्दीत गाण्यातल्या बाईला तिचा जुना प्रियकर दिसतो. ती त्याच गाडीत, शेजारच्या डब्यात चढते, लांबूनच त्याचा चेहरा पाहत राहते आणि हाक मात्र मारत नाही. एवढंच घडतं! हे गाणं मारियाने आधी नाकामोरी आकिना या गायिकेसाठी लिहिलं होतं (१९८६). आकिना ते जवळजवळ कुजबुजत गाते. पुढच्याच वर्षी मारियाने ‘रिक्वेस्ट’ अल्बममध्ये स्वतः गायलं, स्वच्छ, मोकळ्या आवाजात. दोन्ही लागोपाठ ऐका. मला मारियाचंच जास्त लागतं, कारण ती रडत नाही, सावरून उभी राहते.

जाता जाता, तिचं माहेर इझुमोच्या प्रसिद्ध देवळासमोरचं जुनं र्‍योकान, म्हणजे पारंपरिक अतिथिगृह. लग्नगाठी जुळवणारा देव म्हणून जपानभरातून लोक तिथे येतात. ‘एकी’ आवडलं तर पुढे ‘सिंगल अगेन’ (१९८९) लावा.