पुस्तकात लिहू द्यावे, पण पेन्सिलीने

पाठ्यपुस्तकात एक रेघही ओढू नये, कारण ते पुढच्या मुलाच्या हाती जायचे असते, हे मत मला अर्धेच पटते. धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्या मुलाला जुनी पुस्तके देण्याची आपल्याकडची रीत चांगली आहे आणि ती टिकावी, असे मलाही मनापासून वाटते. परंतु कठीण शब्दाचा अर्थ त्या शब्दाशेजारीच टिपला, तर कविता पुन्हा वाचताना तो नेमका तिथेच भेटतो. वहीत लिहिलेला अर्थ शोधण्याचे कष्ट बहुतेक मुले घेत नाहीत. पेन्सिलीने लिहिलेले वर्षाअखेरीस खोडताही येते.

राज्यात २०२३-२४ पासून बालभारतीच्या काही इयत्तांच्या पुस्तकांत नोंदींसाठी कोरी पाने जोडली होती. दप्तराचे ओझे घटावे हा हेतू चांगला होता, पण मुले वह्या आणतच राहिली आणि २०२५ च्या जानेवारीत शासनाने ही पाने बंद करण्याचा निर्णय घेतला. माझ्या मते केवळ जागा देऊन भागत नाही. काय टिपावे, कशाखाली रेघ ओढावी, हे शिक्षकांनी वर्गात करून दाखवावे लागते. नाहीतर मूल सगळ्याच ओळी रंगवून ठेवते.

स्वाध्यायपुस्तिकेचा प्रश्न मात्र वेगळा आहे. ती लिहिण्यासाठीच छापलेली असते, त्यामुळे ती कोरी ठेवून तीच उत्तरे वहीत उतरवायला लावणे मला मुलांवर अन्यायकारक वाटते.