मदत हवी आहे: मिरचीची रोपं वाफ्यातच माना टाकतायत, घरचं बी थोडंच उरलंय

नमस्कार मंडळी. आम्ही औसा तालुक्यातले. काळी भारी जमीन, घरामागं दहा गुंठ्यांची वाडी. येळवस (मार्गशीर्षातली वेळ अमावास्या) झाल्यावर चार दिवसांनी मिरची आणि वांग्याचं बी टाकलं. वाफा विहिरीजवळ लिंबाच्या सावलीत केला, वर कडब्याचं आच्छादन. वांगं बाराव्या दिवशी दिसलं, मिरचीनं वीस दिवस घेतले. आता आठवडाभरात रोपं बुडाशी पाणी धरल्यासारखी मऊ पडून आडवी होतायत. एका कोपऱ्यातून सुरुवात झाली, आज टोपलीएवढी जागा मोकळी झालीय.

दिवसभर हरभरा, गोठा, ज्वारीची राखण, त्यामुळं झारीनं पाणी सांजच्यालाच व्हायचं.

मिरची सासूबाईंनी वर्षानुवर्षं जपलेली आहे, बाजारात असलं बी मिळत नाही. मूठभरातलं निम्मं उरलंय. ते आता परत टाकू का? बोअर एप्रिलपर्यंतच साथ देतो. बी जुनं झालं म्हणून असं झालं असेल का? आणि उकिरड्यातलं अर्धंकच्चं खत वेलांच्या आळ्यात चालेल का?

उत्तर, परभणीकडून:
ताई, आधी उरलेलं बी डब्यात ठेवा, लगेच टाकू नका. उगवून मग आडवं झालं म्हणजे दोष बियाचा नाही. ही रोपांची मर, मातीतल्या बुरशीनं होते. सावली, थंडी, चिकट माती आणि रात्रभर ओला राहिलेला वाफा, तिला हेच लागतं. मिरचीला उगवायला ऊब लागते, गार मातीत ती रेंगाळते आणि तेवढ्या दिवसांत बुरशीला वाव मिळतो. आच्छादन कोंब दिसले त्याच दिवशी काढायचं असतं, तुम्ही कधी काढलं?

राहिलेली रोपं वाचवायची तर पडलेली मातीसकट उचलून लांब टाका, दोन दिवस पाणी तोडा, नंतर सकाळीच हलकं पाणी द्या.

आत्ता मिरची टाकलीत तर लावणीला मार्च उजाडेल. फुलं येतील तेव्हा ऊन इतकं असेल की ती गळतील, वर तुमचं पाणी संपलेलं. त्यापेक्षा मे अखेरीला टाका, पावसाळी लावणीला रोप तयार मिळेल. वाफा उन्हात, वीतभर उंच, माती चाळून त्यात मुरलेलं खत आणि वाळू. खतात आधी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी) मिसळून ठेवलं तर उत्तम.

आत्ताची जागा भेंडी, गवारीला द्या, थेट टोकून. आमच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती भेंडी केवड्याला (पानं पिवळी पाडणाऱ्या रोगाला) तग धरायची म्हणून इकडं खूप लावली. कारल्या-दोडक्याचं बी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात उबेला बांधा, मोड आल्यावर आळ्यात लावा. कच्चं खत मात्र नको. त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि कुजताना मुळं भाजतात. उकिरडा एकदा उलथून पाणी मारून ठेवा, जूनपर्यंत मुरेल.

जमलं तर वीस बिया मोजून ओल्या फडक्यात ठेवून बघा, किती उगवतात ते कळेल.

धागाकर्तीचं उत्तर, बारा दिवसांनी:
दादा, आच्छादन पाच दिवस उशिरा काढलं होतं, तिथंच चुकलं. पाणी सकाळी सुरू केल्यापासून पुढची मर थांबली, साठेक रोपं हाती लागली. वीसपैकी चौदा बियांना मोड आले. ते सासूबाईंना दाखवले तेव्हा त्यांनी उरलेलं बी राखेत मिसळून बरणीत भरलं आणि बरणी स्वतःच्या कपाटात ठेवली. भेंडी काल टोकली.